नवशिके मास्तर आणि त्यांचे संत

ह्या स्मरणिकेंत देवळाच्या उभारणीचा, धर्मगुरूंच्या परिश्रमांचा आणि भाविकांच्या देणग्यांचा वृत्तांत इतर लेखक देतीलच. आम्हीं मात्र वाचकांचें लक्ष एका निराळ्या मंडळीकडे वेधण्याचें योजिलें आहे. देवळाच्या सावलींत शाळा उभी राहते आणि शाळेंत मास्तर उभा राहतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो मास्तर पहिल्या दिवशीं वर्गांत कसा उभा राहिला, त्याचे पाय किती कांपले, घसा किती कोरडा पडला आणि घरीं परततांना त्याच्या मनांत काय आलें, ह्याची नोंद शाळेच्या कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं. तीच गोष्ट आज थोडीशी सांगावी, असा आमचा हेतु आहे.

आरंभ आमच्या स्वतःपासूनच करितों. आम्ही अध्यापक विद्यालयांत छात्राध्यापक असतांना सराव पाठासाठीं एका प्राथमिक शाळेंत आमची नेमणूक झाली. वर्ग दुसरीचा, मुलें साठाच्या आंतबाहेर, आणि विषय हातच्याची वजाबाकी. पाठाचें टाचण आम्हीं आदल्या रात्रीं दोनदां सुवाच्य अक्षरांत उतरून काढलें होतें. पस्तीस मिनिटांस पुरेल म्हणून जें लिहिलें, तें आम्हीं बारा मिनिटांत बोलून संपविलें. मग फळ्यावर उदाहरण मांडून आम्ही म्हणालों, "एककांत कमी पडलें, म्हणून शेजारच्या दशकाकडून एक उसना घ्यावयाचा." तोंच दुसऱ्या रांगेंतील एक मुलगा उभा राहून अगदीं निर्मळ चेहऱ्यानें विचारता झाला, "गुरुजी, मग तो परत कधीं द्यावयाचा?" सारा वर्ग हंसला. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही मोठ्यानें "शांत बसा" म्हणालों, मुलें त्याहून मोठ्यानें बोलूं लागलीं, आम्ही ओरडलों, पाट्या वाजूं लागल्या. शेवटच्या बांकावर त्या वर्गाचे वृद्ध गुरुजी बसले होते. ते रागावले नाहींत आणि आमच्या हातून पाठही काढून घेतला नाहीं. ते हळूच उठले आणि भिंतीशीं येऊन नुसते उभे राहिले. वर्ग शांत झाला. मधल्या सुट्टींत त्यांनीं आम्हांस चहा दिला आणि एवढेंच म्हणाले, "मास्तर, तुम्ही फार बोलत होतां, म्हणून मुलें बोलत होतीं. उद्यां पुन्हां हाच पाठ घ्या. मी मागें बसतों."

त्या रात्रीं हा व्यवसाय सोडून द्यावा, असें आमच्या मनांत आलें होतें. "मी मागें बसतों" ह्या तीन शब्दांनीं आम्हांस तारलें. पुढें अनेक वर्षांनीं आम्हीं संत जॉन बाप्टिस्ट द ला साल ह्यांचें चरित्र वाचलें, तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, हे तीन शब्द म्हणजेच त्या महात्म्याच्या उभ्या आयुष्याचें सार होय.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील फ्रान्स देशाचें चित्र वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. धनिकांच्या मुलांस घरीं शिक्षक ठेवीत. मध्यम स्थितींतील लोक फी भरून मुलांस लहान शाळांत पाठवीत. कारागिरांचीं व मजुरांचीं मुलें मात्र गल्लोगल्लीं हिंडत. अशा मुलांसाठीं कोठें कोठें धर्मग्रामाच्या वतीनें धर्मार्थ शाळा चालत. पण त्या शाळांत शिकवावयास मिळे कोण? ज्यास दुसरा धंदा साधला नाहीं, तो मास्तर होई. शिकवावें कसें, हें त्यास कोणीं शिकविलेलें नसे. तो मुलांस एकेक करून आपल्या मेजाजवळ बोलावी, एकाचें वाचन घेई, आणि तेवढ्या वेळांत उरलेलीं मुलें वाटेल तो गोंधळ घालीत. त्यांतून मुलांस वाचावयास प्रथम लॅटिन द्यावयाचें, अशी चाल होती. जी भाषा मुलाच्या घरांत कोणी बोलत नाहीं, तिचीं अक्षरें तो घोकी. आणि तीं पुरतीं येण्यापूर्वींच आईबाप त्यास कामास लावीत.

द ला साल ह्यांचा जन्म रीम्स शहरांतील एका प्रतिष्ठित कुटुंबांत ३० एप्रिल १६५१ रोजीं झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीं, म्हणजे १६६७ सालीं, त्यांस त्या शहरांतील महामंदिराचें कॅननपद मिळालें. हें पद मोठ्या मानाचें, आणि त्यास कायमचें उत्पन्न जोडलेलें असे. पुढें एका वर्षाच्या आंत आई व वडील दोघेही निवर्तले आणि धाकट्या भावंडांचा भार ह्या एकवीस वर्षांच्या तरुणावर येऊन पडला. १६७८ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. तोंपर्यंत गरिबांच्या शाळेशीं त्यांचा फारसा संबंध नव्हता.

१६७९ च्या मार्च महिन्यांत रूआं शहराहून आद्रियां न्येल नांवाचे एक प्रौढ सद्गृहस्थ रीम्सला आले. गरीब मुलग्यांसाठीं शाळा काढावी, ह्या हेतूनें त्यांस एका धनिक बाईनें पाठविलें होतें. त्यांच्याबरोबर मदतनीस म्हणून कोण होता? चौदा वर्षांचा एक मुलगा! आज ज्या वयाचीं मुलें आठवी-नववींत असतात, त्या वयाचा हा नवशिका मास्तर. द ला साल ह्यांनीं न्येल ह्यांस आपल्या घरीं उतरवून घेतलें, वजनदार धर्मगुरूंचा सल्ला घेतला, आणि त्याच वर्षीं १५ एप्रिल रोजीं सेंट मॉरिस धर्मग्रामांत शाळा सुरू झाली. कांहीं महिन्यांनीं एका विधवा बाईच्या देणगींतून दुसरी शाळा निघाली. आपलें काम येथें संपलें, असें द ला साल ह्यांस वाटलें असावें. वस्तुतः तें येथून सुरू झालें होतें.

न्येल हे उत्साही गृहस्थ होते. पण एक शाळा उघडली कीं त्यांचें लक्ष दुसऱ्या गांवाकडे लागे. मागें राहिलेले तरुण मास्तर एकाकी पडत. त्यांस धड निवारा नव्हता, जेवणाची वेळ ठरलेली नव्हती, आणि वर्गांत काय चालले आहे हें पाहणारा कोणी नव्हता. शाळेची घडी विस्कटूं लागली. द ला साल ह्यांस ही गोष्ट दिसली आणि ते एकेक पाऊल पुढें टाकीत गेले. १६७९ च्या नाताळच्या सुमारास त्यांनीं आपल्या घराजवळ मास्तरांसाठीं एक घर भाड्यानें घेतलें. पुढच्या वर्षीं त्यांस आपल्या घरीं जेवावयास बोलावूं लागले. आणि २४ जून १६८१ रोजीं त्यांनीं त्या सर्वांस आपल्याच घरीं राहावयास आणिलें. येथें एक गोष्ट त्यांच्याच प्रांजळपणामुळें आपणांस ठाऊक झाली आहे, ती सांगितली पाहिजे. पुढें लिहितांना त्यांनीं कबूल केलें आहे कीं, आरंभीं हे मास्तर त्यांस आपल्या घरगड्याहूनही हलके वाटत. त्यांच्याबरोबर एका छपराखालीं राहावें लागेल ही कल्पनाच त्यांस असह्य झाली असती. आणि हें काम आपणांस कोठवर नेणार आहे हें आधीं कळलें असतें, तर त्यांनीं त्यास हात लाविला नसता. देव त्यांस हळूहळू, एका गोष्टींतून दुसरींत, असा घेऊन गेला. संतांविषयीं आपण फार मोठमोठें ऐकतों. हा साधा कबुलीजबाब आम्हांस त्याहून अधिक मोलाचा वाटतो.

नातेवाईक खवळले. कॅननच्या घरीं असल्या लोकांची पंगत बसावी, हा कुळास बट्टा, असें ते म्हणूं लागले. तेव्हां १६८२ सालीं २४ जूनलाच द ला साल ह्यांनीं आपलें वडिलोपार्जित घर सोडलें आणि मास्तरांसह दुसऱ्या वस्तींतील एका भाड्याच्या घरांत बिऱ्हाड केलें.

आतां वाचकांस वाटेल कीं, एवढें केल्यावर ते मास्तर कृतज्ञतेनें काम करूं लागले असतील. तसें झालें नाहीं. वेळेवर उठणें, प्रार्थना, मौन, शाळा, पुन्हां प्रार्थना हा नित्यक्रम पहिल्या तुकडीस जड गेला, आणि बहुतेक सर्व जण सोडून गेले. नवे तरुण आले. ते अधिक गुणी होते. पण कांहीं काळानें त्यांच्याही मनांत एक भय शिरलें. आज अंगांत बळ आहे तोंवर ठीक. पण आजार आला, म्हातारपण आलें, शाळा बंद पडली, तर आपलें काय? द ला साल ह्यांनीं त्यांस शुभवर्तमानांतील आकाशांतल्या पांखरांचा आणि रानांतल्या फुलांचा दाखला देऊन ईश्वरावर भरंवसा ठेवण्याचा उपदेश केला. त्यावर त्या गरीब मास्तरांनीं जें उत्तर दिलें, त्याचा मथितार्थ असा होता: आपणांस हें बोलणें सोपें आहे, आपणांस कॅननपदाचें उत्पन्न आहे, बापाची इस्टेट आहे, शाळा मोडली तरी आपली चूल विझणार नाहीं, आमची विझेल.

हें उत्तर उद्धट होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तें खरें होतें. आणि ज्यास तें ऐकविलें, त्याची थोरवी ही कीं, त्यानें तें खरें म्हणून ऐकून घेतलें. पॅरिस येथील फादर निकोला बारे ह्या तपस्वी धर्मगुरूंचा सल्ला त्यांनीं घेतला. शाळांच्या नांवानें एखादा निधि स्थापावा, असा व्यवहारी विचारही पुढें होता. परंतु फादर बारे ह्यांचा कल संपूर्ण त्यागाकडे होता. १६८३ सालीं द ला साल ह्यांनीं कॅननपदाचा राजीनामा दिला, आणि तें पद आपल्या भावाकडे न देतां एका गरीब धर्मगुरूस दिलें. त्यानंतर १६८४ च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हां त्यांनीं आपली संपत्ति उपाशी लोकांस अन्न वांटण्यांत खर्ची घातली. आतां मास्तरांची चूल व त्यांची चूल एकच झाली. हातीं पैसा असतां त्यांनीं मास्तरांसाठीं निधि कां ठेवला नाहीं, असा प्रश्न आजचा वाचक विचारील, आणि तो प्रश्न गैर नाहीं. आम्ही एवढेंच म्हणूं कीं, ज्या भयानें मास्तर पळत होते, तें भय दूर करण्यापेक्षां त्यांनीं तें वांटून घेतलें. आणि त्यानंतर ह्या मंडळीस स्वतःचें नांव मिळालें: 'ब्रदर', म्हणजे बंधु. मुलांचे थोरले बंधु आणि एकमेकांचेही बंधु.

१६८८ सालीं २४ फेब्रुवारीस ते दोन बंधूंसह पॅरिसला आले. सेंट सल्पिस धर्मग्रामाच्या शाळेची जी स्थिति त्यांनीं पाहिली, ती नवशिक्या मास्तरांवर वर्ग सोंपवून निघून जाण्याचा परिणाम काय होतो, ह्याचा नमुनाच होती. सुमारें दोनशें मुलें. एक थकलेले धर्मगुरु. आणि त्यांच्या मदतीस पंधराएक वर्षांचा एक मुलगा. शाळा उघडण्याची व सुटण्याची वेळ ठरलेली नाहीं; कोणी केव्हांही यावें, केव्हांही जावें; दाराशीं मुलें पैसे लावून खेळत; धर्मशिक्षण क्वचित् होई. त्या पंधरा वर्षांच्या मुलास दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. दोनशें मुलांपुढें आमची काय गत झाली असती, तें आमच्या दुसरीच्या वर्गास ठाऊक आहे. द ला साल ह्यांनीं कोणावर ठपका ठेवला नाहीं. कांहीं दिवस ते नुसते पाहत व शिकवीत राहिले. कारभार हातीं आल्यावर त्यांनीं वेळ ठरविली, मुलांची पायरीपायरीनें विभागणी केली, आणि एकेकास न बोलावतां एका पायरीचीं सर्व मुलें एकच धडा एकाच वेळीं वाचतील अशी व्यवस्था लाविली: एकानें मोठ्यानें वाचावें, बाकीच्यांनीं आपापल्या पुस्तकांत तेंच मनांत वाचावें, आणि तो चुकला तर दुसऱ्यानें सुधारावें. ह्या पद्धतीचा जन्म त्यांच्याच डोक्यांत झाला असें नव्हे. परंतु ती शाळाशाळांतून रुजविण्याचें श्रेय त्यांचें व त्यांच्या बंधूंचें. वाचनाचा आरंभही लॅटिनऐवजीं मुलांच्या मायबोलीपासून, म्हणजे फ्रेंचपासून होऊं लागला. मराठींतून पहिलें अक्षर गिरविलेल्या आपणां सर्वांस ह्या गोष्टीचें मर्म निराळें सांगावयास नको.

पण ह्या लेखाचा विषय नवशिका मास्तर आहे, आणि त्याविषयींची सर्वांत मोठी ठेव आहे ती 'ख्रिस्ती शाळांची कार्यपद्धति' ह्या ग्रंथांत. १७०६ च्या सुमारास तो हस्तलिखित स्वरूपांत सिद्ध होता, आणि संतांच्या मृत्यूनंतर १७२० सालीं आविन्यों येथें छापला गेला. हा ग्रंथ एका माणसानें खोलींत बसून लिहिलेला नव्हे. अनुभवी बंधूंबरोबर वारंवार बैठका घेऊन, वर्गांत जें टिकलें तें ठेवून आणि जें फसलें तें टाकून तो तयार झाला. त्याच्या शेवटच्या भागांत नव्या मास्तरास कसें घडवावें, ह्याचा विचार केला आहे. तेथें आधीं त्याच्यांतील कोणते दोष काढावे हें सांगितलें आहे आणि मग कोणते गुण आणावे हें. त्या दोषांच्या यादीच्या आरंभींच कोणता दोष यावा? बोलण्याची खाज! आम्हीं हें प्रथम वाचलें, तेव्हां आम्हांस आमचे वृद्ध गुरुजी आठवले आणि हंसूं आलें. तीनशें वर्षांपूर्वीं फ्रान्समधील नवशिका मास्तरही फार बोलत होता, म्हणून मुलें बोलत होतीं.

पुढील दोषही ओळखीचेच आहेत. उगीच धांवपळ करणें व सारखी जागा बदलणें, थिल्लरपणा, एका मुलाकडे पाहतांना बाकीच्या वर्गाचें भान सुटणें, कठोरपणा, चिडणें, कांहीं मुलांस जवळ करून कांहींस दूर ठेवणें, आळस, मुलांशीं नको तेवढी सलगी, आज एक नियम तर उद्यां दुसरा, आणि खचून जाणें. खचून जाणें हाही एक दोष म्हणून नोंदला आहे, हें आम्हांस विशेष वाटतें. कठोर मास्तर आणि खचलेला मास्तर हे दोघे एकाच पिशवींतील आहेत, हें ज्यानें पाहिलें त्यानें वर्ग आंतून पाहिला होता.

बोलण्याच्या खाजेवर त्यांनीं एक मोठा सुंदर उपाय योजिला. मास्तराच्या हातीं एक लहानसें साधन दिलें, त्यास 'सिग्नल' म्हणत. त्याचा टक असा आवाज केला कीं मुलांनीं वर पाहावें. पुढें वाचावें, थांबावें, चूक झाली, पुन्हां वाच, हें सारें खुणेनें कळावें. वर्गांत जितके शब्द कमी, तितके ते मोलाचे. ह्यामागें केवळ शिस्त नव्हती. दिवसभर ओरडून फुप्फुसें झिजविणाऱ्या तरुण मास्तरांची काळजीही होती. पहिल्या पिढींतील कित्येक बंधु ऐन तारुण्यांत मृत्युमुखीं पडले होते, हें विसरून चालणार नाहीं.

मुलांच्या गैरहजेरीविषयींचें प्रकरणही प्रत्येक शिक्षकानें मनन करण्याजोगें आहे. मूल शाळेंत कां येत नाहीं? त्याचीं नाना कारणें दिलीं आहेत: मुलाचा चंचलपणा, आईबापांची बेफिकिरी, घरची गरिबी, पण त्यांतच मास्तराचाही उल्लेख आहे. मुलास मास्तराविषयीं प्रेम वाटत नसेल, मास्तर रुक्ष असेल, त्यास मुलांस आपलेंसें करतां येत नसेल, तर मूल शाळा चुकवितें. सकाळची न्याहारीही वर्गांतच होई. ज्याच्यापाशीं जास्त असेल त्यानें आपल्या पावाचा तुकडा टोपलींत टाकावा आणि तो उपाशी आलेल्या मुलास मिळावा, अशी व्यवस्था होती. शिक्षेच्या बाबतींत त्यांनीं त्या काळास अनुसरून छडी सर्वस्वीं वर्ज्य केली नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे; तथापि थप्पड मारणें, लाथ मारणें ह्यांस मनाई केली, आणि शिक्षा जितकी विरळ तितकी शाळा उत्तम, असें ठरविलें. आज आपल्या देशांत २००९ सालच्या बालशिक्षण हक्काच्या कायद्यानें मुलांस शारीरिक शिक्षा करणें व त्यांचा मानसिक छळ करणें मुळींच निषिद्ध केलें आहे. पण कायद्यानें हात आवरतो. मन आवरावयास मार्गदर्शक लागतो.

तो मार्गदर्शक नवशिक्यापाशीं सदैव असावा, हा द ला साल ह्यांचा कटाक्ष होता. कोणत्याही गांवीं एकट्या बंधूस ते पाठवीत नसत. निदान दोघे तरी असलेच पाहिजेत. खेड्यांतील धर्मगुरु येऊन विनवीत कीं, आमची वस्ती लहान आहे, दोघांचें पोट भरणार नाहीं, एकच द्या. त्यांस ते नकार देत; पण रिकाम्या हातीं परत पाठवीत नसत. तुमच्याच गांवचा एखादा होतकरू तरुण आमच्याकडे पाठवा, आम्ही त्यास शिकवून परत देतों, असा मार्ग त्यांनीं काढला. १६८५ च्या सुमारास रीम्स येथें असें विद्यालय निघालें. तेथें वाचन, लेखन, गणित, देवळांतील गायन आणि शिकविण्याची रीत हीं शिकवीत, आणि त्याबद्दल फी घेत नसत. पुढें १६९९ सालीं पॅरिसच्या सेंट हिप्पोलित धर्मग्रामांत असेंच विद्यालय निघालें, आणि त्यास जोडून गरीब मुलांची शाळा होती. तेथें हे तरुण अनुभवी बंधूंच्या नजरेखालीं प्रत्यक्ष वर्ग घेत. आपण आज ज्यास सराव पाठ म्हणतों, त्याची पूर्वपीठिका ही अशी आहे. हीं विद्यालयें दीर्घकाळ टिकलीं नाहींत. सेंट हिप्पोलितचें तर मालमत्तेच्या वादांत बुडालें, आणि तो घाव आपल्याच एका जवळच्या सहकाऱ्याकडून बसला. पण बीज पडलें होतें.

एका गावीं बसून इतक्या मास्तरांच्या पाठीशीं कसें राहावें? १६९०-९१ च्या सुमारास आजार, मृत्यु आणि गळती ह्यांनीं मंडळ मोडकळीस आलें होतें. तेव्हां पॅरिसजवळ वोजिरार येथें त्यांनीं एक घर घेतलें आणि थकलेल्या बंधूंस विसाव्यासाठीं व प्रार्थनेसाठीं तेथें बोलाविलें. प्रत्येकानें आपणांस महिन्यास एक पत्र लिहावें, असाही प्रघात पाडला. त्यांचीं कांहीं उत्तरें आजही उपलब्ध आहेत. तीं वाचतांना मोठा ग्रंथकार दिसत नाहीं. शेवटच्या बांकावर बसलेले गुरुजी दिसतात. वर्गांत अधीर होऊं नका, मुलांस हातानें मारूं नका, मुलें गळत आहेत तर कां तें शोधा, बदली मागण्याची घाई करूं नका, प्रकृतीस जपा. अशीं तीं साधीं, थोडक्यांत लिहिलेलीं पत्रें आहेत.

त्यांच्यावर संकटेंही थोडीं आलीं नाहींत. फुकट शिकविणाऱ्या ह्या शाळांमुळें आपला धंदा बसतो, म्हणून पॅरिसमधील लेखन शिकविणाऱ्या शिक्षकांनीं त्यांस कोर्टांत खेंचलें. स्वकीयांचाही गैरसमज झाला. ७ एप्रिल १७१९ रोजीं, शुभ शुक्रवारीं, रूआं येथें त्यांनीं देह ठेवला. १७२५ सालीं पोप तेरावे बेनेडिक्ट ह्यांनीं त्यांच्या मंडळास मान्यता दिली. १९०० सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. आणि १५ मे १९५० रोजीं पोप बारावे पायस ह्यांनीं त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें. आतां त्यांचा सण ७ एप्रिल रोजीं पाळतात.

ही कथा ह्या ज्युबिलीच्या पुस्तकांत सांगण्याचें प्रयोजन एवढेंच. आपल्या धर्मग्रामांतील मुलगे व मुली आजही अध्यापक विद्यालयांत जातात, आणि एके सकाळीं हातांत टाचण व खडू घेऊन कोणत्या तरी वर्गाच्या दाराशीं उभ्या राहतात. संध्याकाळीं त्या घरीं येतात तेव्हां आपण त्यांस विचारतों, नोकरी कधीं लागणार, पगार किती मिळणार? ते प्रश्न अयोग्य नाहींत. रीम्सच्या मास्तरांचेंही भय तेंच होतें. पण त्याबरोबर एक प्रश्न आणखी विचारावा: आज वर्गांत काय झालें? आणि उत्तर लागलीच न आल्यास थोडें थांबावें. आपल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, शिक्षिका आहेत, सिस्टर आहेत. त्यांनीं आठवड्यांतून एक तास तरी ह्या नवशिक्यांस द्यावा, त्यांचें टाचण पाहावें, त्यांचें रडगाणें ऐकावें, आणि बनेल तर त्यांच्या वर्गांत मागें जाऊन बसावें. बक्षिसांच्या व सत्काराच्या समारंभाहून ही सेवा लहान नाहीं.

आमच्या त्या दुसरीच्या वर्गास दुसऱ्या दिवशीं आम्हीं तोच पाठ पुन्हां दिला. गुरुजी मागें बसले होते. त्या मुलाचा प्रश्न आम्हीं टाळला नाहीं. त्यासच फळ्यापाशीं बोलाविलें, काड्यांचा जुडगा हातीं दिला, तो सोडावयास लाविला, आणि शेजाऱ्याकडून आलेल्या दहा काड्या आपल्याच घरच्या आहेत, केवळ एका खोलींतून दुसऱ्या खोलींत गेल्या आहेत, हें त्यानेंच बाकीच्यांस समजाविलें. गणितांत तो उसना परत द्यावा लागत नाहीं. परंतु गुरुजींनीं आम्हांस जो धीर उसना दिला, तो मात्र फेडावयाचा असतो, आणि तो त्यांस नव्हे, आपल्या मागून येणाऱ्यांस.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामांतील सर्व जुन्यानव्या शिक्षकांस आरोग्य, धीर व गोडवा देवो, आणि संत द ला साल ह्यांची मध्यस्थी त्यांच्या वर्गावर सदैव राहो, हीच आमची ह्या ज्युबिलीच्या दिवशीं नम्र प्रार्थना.